‘देवी काढावयाचे किती?’ : एका भाजकाची हकीकत

इतिहासाच्या अभ्यासकास जुन्या कागदांतील आंकड्यांची भुरळ लवकर पडते. पत्रें, करीने आणि बखरी यांत लिहिणाराचा रागलोभ उतरलेला असतो. आंकडा मात्र निःपक्षपातीपणें बोलतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही येथें एका विशिष्ट आंकड्याची हकीकत सांगणार आहों. तो आंकडा म्हणजे एखादी लस टोंचण्यास पात्र असलेल्या माणसांची संख्या. लस किती जणांस टोंचली हें टोंचणारास मोजतां येतें, कारण तितके दंड त्याच्यापुढें येऊन गेलेले असतात. परंतु किती जणांस टोंचावयास हवी होती, हें त्यास त्या जागीं बसून कळत नाहीं. न आलेल्यांची मोजदाद करणें हें आलेल्यांच्या मोजदादीहून निराळ्या जातीचें काम आहे.

मुंबई इलाख्यांत देवी काढण्याचें जें सरकारी खातें होतें, त्याचे एकोणिसाव्या शतकांतील अहवाल ज्यांनीं चाळले असतील, त्यांस त्यांतील कोष्टकें आठवत असतील. अमुक इतक्यांच्या देवी काढल्या, त्यांपैकीं अमुक इतक्या उठल्या, आणि लोकसंख्येशीं हें प्रमाण हजारीं अमुक पडलें, अशी ती मांडणी असे. या प्रमाणांतील भाज्य देवी काढणाराच्या वहींतून येतो. भाजक मात्र दुसरीकडून आणावा लागतो. तो कोठून आणला, केव्हांचा आणला आणि त्यांत कोणाचा समावेश होता, हें प्रमाण वाचणारास सहसा दिसत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देवींच्या लशीच्या इतिहासांत भाज्यापेक्षां भाजकच अधिक महत्त्वाचा आहे. भाजकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें चांगलें झालेलें कामही फसवें ठरलें, आणि ज्यांची गणती झाली नाहीं त्यांस रोगानें गांठलें.

१

पात्र किती, हा प्रश्न गणिताच्या शिस्तीनें प्रथम मांडणारांत बाझेल येथील गणिती दानिएल बर्नूली याचें नांव अग्रभागीं आहे. त्यानें १७६० सालीं पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढें एक निबंध वाचला. तो १७६६ सालीं छापला गेला. जेन्नरची गोस्तनाची लस त्या वेळीं जन्मास यावयाची होती. बर्नूलीपुढें प्रश्न होता तो देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील द्रव्य निरोग्यास टोंचण्याच्या जुन्या रीतीचा. ही रीत आपल्या देशांतही होती. बंगाल्यांतील टीकादार ती कशी चालवीत याचें वर्णन हॉलवेल या कंपनीच्या नोकरानें १७६७ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केलेलें आहे.

टोंचणीनें समाजाचा फायदा किती होईल हें ठरवावयाचें, तर आधीं कोणत्या वयाच्या किती माणसांस देवी अद्याप आलेल्या नाहींत हें कळलें पाहिजे. कारण ज्यांस येऊन गेल्या त्यांस टोंचण्यांत अर्थ नाहीं. अशी नोंद कोणत्याही शहरांत नव्हती. तेव्हां बर्नूलीनें हॅली या ज्योतिर्विदानें १६९३ सालीं ब्रेस्लाव शहराच्या मृत्युनोंदींवरून तयार केलेलें कोष्टक घेतलें. त्यांत एक वर्षाच्या १००० मुलांपासून आरंभ होता. त्यांच्या मागें १३०० जन्म असावेत असें बर्नूलीनें धरलें. मग दोन गृहीत गोष्टी मांडल्या: देवी न आलेल्यांपैकीं दर वर्षीं आठांत एकास त्या येतात, आणि ज्यांस येतात त्यांपैकीं आठांत एक दगावतो. या दोन गृहीतांवरून त्यानें वयोमानाप्रमाणें एक रकाना नव्यानें भरला. देवी न आलेल्या हयात माणसांचा.

त्या रकान्यांतील तीन आंकडे पुढील विवेचनास पुरेसे आहेत. पहिलें वर्ष संपतांना १००० मुलें हयात, त्यांत देवी न आलेलीं ८९६. पांच वर्षांचीं ७३२, त्यांत देवी न आलेलीं ४१६. दहा वर्षांचीं ६६१, त्यांत देवी न आलेलीं अवघीं २०८. म्हणजे दहा वर्षांच्या मुलांस टोंचण्याचा बेत केला तर भाजक ६६१ नव्हे, २०८ आहे. एखाद्यानें त्यांतील दोनशें मुलांस टोंचून ‘दहा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा तिसांस टोंचलें’ असें लिहिलें तर तो स्वतःच्या कामास कमी लेखील. आणि देवी येऊन गेलेल्या दोनशें मुलांस टोंचून तसेंच लिहिलें, तर मुळींच न झालेलें काम झालें असें दाखवील. आंकडा दोन्हीकडे तोच!

टोंचणीचा धोका अगदीं अल्प धरला, तर सर्वांस टोंचल्यानें सरासरी आयुर्मान २६ वर्षें ७ महिन्यांवरून २९ वर्षें ९ महिन्यांवर जाईल, असा बर्नूलीचा निष्कर्ष होता. सर्व वयांत रोगाचें प्रमाण एकच धरण्यास आधार काय, असा आक्षेप दालांबेर यानें त्याच वर्षीं घेतला. आक्षेप रास्त होता. तथापि बर्नूलीचें श्रेय असें कीं, भाजक कोठून आला हें त्यानें लपविलें नाहीं. गृहीत काय आणि नोंदींतून घेतलेलें काय, हें वाचणारास वेगळें करतां येतें. पुढील काळांतील किती सरकारी कोष्टकांविषयीं असें म्हणतां येईल?

२

जेन्नरनें १४ मे १७९६ रोजीं पहिला प्रयोग केला आणि १७९८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर चारच वर्षांनीं, व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गानें ती लस मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं आन्ना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती उठली. हिंदुस्थानांत पसरलेल्या लशीचा उगम या एका मुलीच्या दंडापाशीं आहे. तेथून ती पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पुढें गेली.

येथें एक व्यवहाराची बाब ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पात्रांच्या संख्येचा प्रश्न तिच्यामुळें निकडीचा झाला. त्या काळीं लस कुपींत भरून महिनोन्महिने टिकत नसे, आणि आपल्या उष्ण प्रदेशांत तर मुळींच नाहीं. ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर न्यावी लागे. टोंचल्यापासून सुमारें आठव्या दिवशीं फोड भरून येई. त्यांतील द्रव्य ताजें असतांनाच नव्या मुलास टोंचावयाचें. एका आठवड्यास नवें मूल मिळालें नाहीं कीं सांखळी तुटली. म्हणजे ज्याच्या देवी काढावयाच्या त्याच्यासाठीं लस हवी हें तर खरेंच, परंतु लस जिवंत राहावी म्हणून देवी न काढलेलीं मुलेंही हवींत, असा हा दुहेरी व्यवहार होता.

याचा हिशेब मांडून पाहूं. आठवड्यास दोन मुलें धरलीं तर वर्षास १०४ मुलें लागतात. समजा एका गांवाची वस्ती ५०० आहे आणि जन्माचें प्रमाण हजारीं ४० आहे. तर तेथें वर्षास वीस मुलें जन्मतील. जन्मलेलें प्रत्येक मूल जगलें आणि प्रत्येक आईनें तें आणून दाखविलें असें मानलें, तरी १०४ मुलांसाठीं २६०० वस्तीचा गांव पाहिजे. आपल्याकडील बहुसंख्य गांवांची वस्ती त्याहून पुष्कळ लहान होती. तात्पर्य, एका गांवीं बसून लस जिवंत ठेवणें अशक्य. देवी काढणारास फिरणें प्राप्त होतें. १८२७ सालीं एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्यांत फिरत्या देवी काढणारांची जी व्यवस्था सुरू झाली आणि जी पुढें ‘मुंबईची पद्धति’ म्हणून ओळखली गेली, तिच्या मुळाशीं इतर कारणांबरोबर हेंही गणित असावें, असें आमचें मत आहे.

मुलाच्या दंडावरून लस घेणें आईबापांस नको असे, हें निराळें सांगावयास नको. आपल्या मुलाच्या अंगांतून काढलेलें दुसऱ्याच्या, तेंही परजातीच्या, अंगांत जावें आणि दुसऱ्याचें आपल्या मुलांत यावें, या दोहोंचाही तिटकारा होता. शिवाय शीतळादेवीचा कोप माणसानें मध्यें पडून टाळावा कीं काय, हीही शंका होतीच. भाषेंत आपण आजही ‘देवी आल्या’ आणि ‘देवी काढल्या’ असें म्हणतों; रोग आणि त्यावरील उपाय हे दोन्ही एकाच नांवानें चालतात. देवी काढणारा गांवीं आला कीं मुलें लपविलीं जात. अशीं लपविलेलीं मुलें त्याच्या वहींत येत नसत, आणि वहींत नसलेलीं मुलें अहवालांत येत नसत. पुढें वासरांवर लस तयार करूं लागल्यावर दंडावरून दंडावर नेण्याची गरज संपली. आपल्या बाजूस बेळगांव येथें लस तयार करण्याचें केंद्र उभें राहिलें. त्यानें लशीचा पुरवठा सुधारला. भाजकाचा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

३

भाजकासाठीं प्रथम लोकसंख्या हवी. मुंबई इलाख्याची पहिली सर्वसाधारण खानेसुमारी १८७२ सालीं झाली, आणि सबंध देशाची एका वेळीं केलेली पहिली खानेसुमारी १८८१ सालची. म्हणजे १८०२ पासून सत्तर वर्षें देवी काढण्याचें काम लोकसंख्या निश्चित ठाऊक नसतांच चाललें होतें.

खानेसुमारी सुरू झाल्यावरही अडचण सरली नाहीं. मुंबई शहराचेच आंकडे पाहा. १८६४ सालीं शहरांत ८,१६,५६२ माणसें मोजलीं गेलीं. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास चढलेल्या भावाचा तो काळ होता. भाव कोसळले, सट्टा बुडाला, आणि १८७२ सालीं तींच माणसें ६,४४,४०५ भरलीं. समजा, १८७१ सालीं एखाद्या अधिकाऱ्यानें मागील खानेसुमारीचा आंकडा भाजक म्हणून घेतला. तर वस्तुतः तेथें नसलेल्या पावणेदोन लाखांच्या आंतबाहेरच्या माणसांस तो जमेस धरील, भाजक खऱ्यापेक्षां शेंकडा सव्वीसांहून अधिक फुगेल, आणि झालेलें काम आहे त्याहून कमी दिसेल. पुढें याच्या अगदीं उलट घडलें. १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळीं प्लेगानें माणसें शहर सोडून गेलेलीं होतीं. मोजलीं तीं ७,७६,००६. १९०६ सालीं म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यानें निराळी मोजणी केली तेव्हां तीं ९,७७,८२२ निघालीं. या मधल्या वर्षांत १९०१ चा भाजक वापरणाराच्या हिशेबांत दोन लाख माणसांस जागाच नव्हती. एकदां झालेलें काम राहिल्याचा भास, तर एकदां राहिलेलें काम झाल्याचा भास! पहिल्या चुकीनें फार तर सरकारचा पैसा जातो. दुसऱ्या चुकीनें मुलें जातात.

४

लोकसंख्या कळली तरी पात्रसंख्या कळत नाहीं; मधें कायद्याची व्याख्या येते. मुंबई शहरासाठीं १८७७ सालीं देवी काढण्याच्या सक्तीचा कायदा झाला, आणि १८८० सालीं हिंदुस्थान सरकारनें म्युनिसिपालिट्या व लष्करी छावण्या यांस लागू करतां येईल असा तेरावा कायदा केला. या दुसऱ्या कायद्यांत ‘मूल’ म्हणजे चौदा वर्षें पुरीं न झालेला मुलगा किंवा आठ वर्षें पुरीं न झालेली मुलगी, अशी व्याख्या आहे. त्यांतील ‘असंरक्षित मूल’ म्हणजे ज्यास देवी आपोआप किंवा टोंचणीनें येऊन गेलेल्या नाहींत, ज्याच्या देवी यशस्वी रीतीनें काढलेल्या नाहींत, आणि ज्यास लस लागू होत नाहीं असा दाखलाही मिळालेला नाहीं, असें मूल. सहा महिन्यांचें झालेलें आणि त्या हद्दींत सहा महिने राहिलेलें असें असंरक्षित मूल देवी काढण्यासाठीं आणणें पालकावर बंधनकारक होतें.

ही व्याख्या तर्कशुद्ध आहे. बर्नूलीनें जो रकाना कल्पनेनें भरला तोच येथें कायद्याच्या शब्दांत आलेला दिसतो. परंतु ती व्यवहारांत आणावयाची तर जन्माची नोंद, बालमृत्यूची नोंद, देवी येऊन गेल्याची नोंद, पूर्वीं काढल्याची नोंद आणि राहण्याच्या मुदतीची नोंद, अशा पांच वह्या एका जागीं पाहिजेत. त्यांतील पहिल्या दोन अपुऱ्या होत्या, आणि उरलेल्या तीन बहुतेक ठिकाणीं आईच्या तोंडच्या माहितीवर अवलंबून होत्या.

व्याख्येंतील दोन कलमें आमच्या मतें विशेष विचारणीय आहेत. पहिलें राहण्याच्या मुदतीचें. हंगामी मजुरीसाठीं गांव सोडून आलेल्या कुटुंबाचें पांच महिने शहरांत राहिलेलें मूल कायद्याच्या हिशेबांत नाहीं. तें परत गेलें तर गांवास हा कायदाच लागू नाहीं. रोगास मात्र मुदत ठाऊक नसते. दुसरें वयाचें. भाऊ आणि बहीण एकाच घरांत वाढत आहेत, दोघांच्याही देवी काढलेल्या नाहींत. ज्या दिवशीं बहीण आठ वर्षांची झाली त्या दिवशीं ती भाजकांतून वजा झाली. भाऊ आणखी सहा वर्षें त्यांत राहिला. त्या दिवशीं कोणाच्या देवी काढल्या गेल्या नाहींत, कोणाचा धोका कमी झाला नाहीं. तरी शहराचें शेंकडा प्रमाण तेवढ्यानें सुधारलें. आठ ते चौदा वर्षांच्या असंरक्षित मुली या अशा रीतीनें कायद्याच्या हिशेबाबाहेर गेल्या. त्या किती होत्या हें त्या हिशेबावरून काढतां येणार नाहीं, कारण ज्यांस मोजावयाचें नाहीं असें ठरलें त्यांच्यासाठीं रकानाच आंखलेला नव्हता.

५

आतां एक काल्पनिक तालुका घेऊं, म्हणजे पुढील मुद्दा स्पष्ट होईल. वस्ती १,००,०००, जन्म हजारीं ४०, म्हणजे वर्षास ४००० मुलें. त्यांतील हजारीं २०० पहिल्या वर्षांत दगावतात असें धरलें, तर ८०० वजा जातां ३२०० उरतात. हा त्या वर्षाचा नवा भाजक. देवी काढणारानें पांचांत चार मुलें गांठलीं, म्हणजे २५६०. त्याची कोणीही पाठ थोपटील. परंतु ६४० राहिलीं. दुसऱ्या वर्षीं पुन्हां ३२०० नवीं. पुन्हां ६४० राहिलीं. पांच वर्षांत ही शिल्लक ३२०० होते, म्हणजे एका सबंध वर्षाचीं मुलें असंरक्षित सांचतात. दर वर्षीच्या अहवालांत मात्र ‘शेंकडा ८०’ हाच समाधानकारक आंकडा येत राहतो. सांचलेली शिल्लक अहवालास दिसत नाहीं, कारण प्रत्येक अहवाल आपल्या वर्षाचा नवा भाजक घेऊन बसतो आणि मागील बाकी पुढें ओढीत नाहीं. सावकाराच्या वहींत अशी चूक एक दिवस खपली नसती.

त्यांत आणखी भर अशी कीं, राहिलेलीं ६४० मुलें तालुकाभर सारखीं विखुरलेलीं नसतात. वाट अडचणीची असलेली वाडी, गांवकुसाबाहेरची वस्ती, पालांत राहणारीं कुटुंबें, मुलें लपविणारीं घरें, यांतच तीं एकवटलेलीं असतात. तालुक्याचें प्रमाण शेंकडा ८० असलें, तरी एखाद्या वाडीचें शून्य असूं शकतें. आणि रोग तालुक्याचें प्रमाण विचारून येत नाहीं, तो वाडींत येतो. दुसऱ्या बाजूनें, ज्या नोकराची पारख वर्षाच्या एकूण संख्येवर होते त्याचा कल शाळेंतील रांगेनें उभ्या केलेल्या मुलांकडे असावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. तींच मुलें, तेच दंड, पुन्हां पुन्हां. संख्या वाढते, भाजक हलत नाहीं.

६

ही सर्व चर्चा काल्पनिक तालुक्याची म्हणून कोणी सोडून देईल, तर त्यानें स्वतंत्र भारताचा अनुभव पाहावा. १९६२ सालीं राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तीन वर्षांत लोकसंख्येपैकीं निदान शेंकडा ८० जणांच्या देवी काढावयाच्या, असें ध्येय होतें. १९६६ अखेर झालेलें काम असें सांगतात: प्रथमच काढलेल्या देवी सुमारें ६ कोटी, आणि पुन्हां काढलेल्या सुमारें ४४ कोटी. १९६१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या ४३ कोटी ९२ लक्ष होती. म्हणजे एकूण टोंचण्या लोकसंख्येहून अधिक झाल्या. भाजक लोकसंख्या धरला तर काम शेंकडा शंभराच्याही पलीकडे गेलें!

आतां भाजक बदलून पाहूं. जन्माचें प्रमाण हजारीं ४० धरलें तर या लोकसंख्येंत वर्षास सुमारें पावणेदोन कोटी, आणि चार वर्षांत सुमारें सात कोटी मुलें जन्मलीं. त्यांतील दगावलेलीं वजा केलीं तरी प्रथम काढलेल्या ६ कोटी देवी जेमतेम नव्या जन्मांस पुरतात. पूर्वींपासून राहून गेलेल्यांस त्यांत वांटा फारच थोडा उरतो. आमचा हा हिशेब ठोकळ आहे आणि त्यास तितकाच मान द्यावा. परंतु त्याची दिशा चुकीची नाहीं हें पुढील घटनांवरून दिसतें. १९६७ सालीं देशांत ८४,९०२ रोगी नोंदले गेले. १९७४ सालीं ती संख्या १,८८,००३ झाली आणि ३१,२६२ माणसें दगावलीं. त्यांतील मोठा भाग बिहारांतला. कोट्यवधि टोंचण्यांच्या मागून आलेले हे मृत्यु ज्यांस लसच पोंचली नव्हती अशांचेच प्रायः होते. टोंचणारांनीं श्रम केले नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. टोंचण्यांची संख्या म्हणजे माणसांची संख्या, अशी समजूत झाल्यानें ते श्रम बरेचसे संरक्षितांवरच खर्च झाले.

शेवटीं मार्ग निघाला तो प्रश्न बदलल्यानें. ‘किती टोंचलें?’ हें विचारणें मागें पडलें, आणि १९७३ पासून ‘रोगी कोठें आहे, आणि त्याच्याभोंवतीं कोण राहिलें आहे?’ हें विचारलें जाऊं लागलें. कार्यकर्ते घरोघर देवीच्या रोग्याचें चित्र दाखवीत हिंडले. रोगी सांपडला कीं त्या घरावर पहारा बसे, आणि त्या वस्तींतील घरांची व माणसांची मोजदाद करून राहिलेल्यांस लस टोंचली जाई. टोंचलें कीं नाहीं याचा पुरावा वहींत न शोधतां दंडावरील वणांत शोधीत. आमच्यासारख्या कागद शोधणारांस ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे: अधिकाऱ्याची वही ही दुय्यम साधन, दंडावरील वण हा अस्सल कागद.

या पद्धतींत भाजक कोटींचा राहिला नाहीं. तो एका गांवाचा, एका आळीचा झाला, आणि म्हणूनच तो मोजतां आला. जेथें संख्या होती तेथें नांवनिशीवार यादी आली. मे १९७५ मध्यें देशांतील शेवटचे रोगी आढळले, एप्रिल १९७७ मध्यें भारत देवीमुक्त असल्याचा निर्वाळा मिळाला, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें सबंध जगाविषयीं तशी घोषणा केली. या यशाचें श्रेय लशीच्या सुधारलेल्या बनावटीस, दुभंगलेल्या टोंकाच्या नव्या सुईस आणि अगणित सेवकांच्या पायपिटीस आहेच. परंतु राहिलेला माणूस कोण, हें विचारण्याचा निश्चय झाला नसता तर तीं साधनें पूर्वींच्याच दंडांवर चाललीं असतीं.

७

हा प्रश्न देवींबरोबर संपला असें मात्र नव्हे. २०२१ सालीं करोनाच्या सांथींत अठरा वर्षांवरील सर्वांस लस देण्याचें ठरलें, तेव्हां असे लोक देशांत सुमारें ९४ कोटी आहेत असें धरून काम चाललें. हा आंकडा मोजलेला नव्हता, अंदाजिलेला होता. शेवटची खानेसुमारी २०११ ची, आणि २०२१ ची खानेसुमारी सांथीमुळें झालीच नाहीं. दहा वर्षांपूर्वींच्या मोजणीवरून पुढें ओढलेला भाजक प्रत्येक जिल्ह्यास सारखाच लागू पडणें शक्य नव्हतें. ज्या शहरांत माणसें बाहेरून येतात तेथें तो तोकडा पडणार, आणि जेथून तीं जातात तेथें तो सैल होणार. २१ ऑक्टोबर २०२१ रोजीं देशांत १०० कोटी मात्रा पुऱ्या झाल्या. तो दिवस आनंदाचाच होता. परंतु माणशीं दोन मात्रा धरल्या तर ९४ कोटींस १८८ कोटी मात्रा लागतात, आणि मात्रांच्या बेरजेवरून माणसांची संख्या निघत नाहीं. १९६६ च्या कोष्टकानें शिकविलेला धडा आंकड्यांच्या नव्या पोशाखांत पुन्हां समोर उभा राहिला, इतकेंच.

उपसंहार करतांना आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, जुन्या अहवालांतील देवी काढल्याचें शेंकडा प्रमाण कोणत्याही निबंधांत उतरून घेण्यापूर्वीं त्याचा भाजक कोणता, हें अभ्यासकांनीं शोधून काढावें. तो सांपडला नाहीं तर प्रमाण न देतां केवळ मूळ संख्या द्यावी. प्रमाणाचा रुबाब गेला तरी सत्य राहील. दुसरी गोष्ट विनंतीवजा आहे. सरकारी कोष्टकें दफ्तरखान्यांत आहेत, परंतु न आलेल्या मुलांची हकीकत तेथें नाहीं. ती असलीच तर गांवच्या जुन्या दप्तरांत असेल: पाटील-कुलकर्ण्यांनीं ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या वह्यांत, देवी काढणारा येणार म्हणून पाठविलेल्या हुकुमांत, मूल हजर केलें नाहीं म्हणून दिलेल्या जबाबांत, घरगुती पत्रांतील एखाद्या ओळींत. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां मंडळाकडे पाठवावे, अथवा निदान त्यांची नक्कल होऊं द्यावी. ज्यांच्या देवी काढल्या त्यांची संख्या सरकारनें जपली आहे. ज्यांच्या काढावयाच्या राहिल्या त्यांची याद करणारें त्या वेळीं कोणी नव्हतें. तें काम आपणांकडे आलें आहे.